उत्तर न मागणारे प्रश्न

३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची हाताला सवय आहे, पण आज ते लिहिलं तर खोटं होईल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं असतं तरी माझ्याच्याने बोलवलं नसतं. म्हणून पत्र.

गेल्या रविवारी आमच्या तरणतलावावर लहान मुलांच्या शर्यती होत्या. पाण्यात रोज दोन औषधं जातात, एक क्लोरीनचं आणि दुसरं अ‍ॅसिड. दोन्हींच्या टाक्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, कारण ती एकमेकांत मिसळली की विषारी वायू सुटतो. रविवारी तेच झालं. क्लोरीनच्या टाकीत अ‍ॅसिड पडलं. पंपाच्या खोलीत एक पंखा आहे, असा वायू बाहेर फेकण्यासाठी. तो दोन महिन्यांपासून बंद. त्यामुळे सगळा धूर भिंतीवरच्या जाळीतून मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेला. आत सात मुलं होती. सहा जण खोकत, डोळे चोळत बाहेर आले. एक नऊ वर्षांची मुलगी कोपऱ्यात पडली होती. तिला मी उचलून बाहेर आणलं. तिला आधीपासून दमा. ती अजून रुग्णालयात आहे, श्वासाची नळी लावलेली.

कॅन मीच ओतला होता. त्यामुळे सगळ्यांची बोटं माझ्याकडे. तलावाच्या सेक्रेटरींनी सभासदांत एक पत्रक वाटलं, ते सोबत पाठवतो. एकवीस तारखेला चौकशी आहे. मला लेखी निवेदन वाचून दाखवायचंय. तू तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांचं लिखाण तपासलंस, आता भावाचं तपास. कच्चा खर्डा असा आहे:

“सतरा वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला दोन कॅन ओळखता येणार नाहीत का? पंखा बंद आहे हे मी वारंवार सांगितलं नव्हतं का? कॅनवर नीट दिसेल असं लेबल लावणं हे कोणाचं काम? सेक्रेटरीसाहेब दारात उभे राहून मला घाई करत होते, हे ते विसरले का? सगळं एकाच माणसाच्या माथी मारणं हा कुठला न्याय?”

अजून जहाल करता येईल तर कर. तुझ्या तब्येतीचं कळव. लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझा धाकटा

*

७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा त्या मुलीसाठी हात जोडले, मग तुझ्यासाठी. दोन घास कसेबसे खाल्ले. जेवत जा, तुझी तशीही हाडं मोजता येतात.

आता कामाचं. तुझा खर्डा मी लाल पेन्सिल घेऊन वाचला. पाच वाक्यं, पाचही प्रश्न. एकाही प्रश्नाला तुला उत्तर नकोय. वाचणाऱ्याने मुकाट्याने मान हलवावी एवढीच त्यांची अपेक्षा. असे प्रश्न मी आयुष्यभर अग्रलेखांत पाहिलेत. लिहिणारा पुरावा द्यायच्या जागी प्रश्न ठेवतो आणि पुढे निघून जातो. सभेत टाळ्या मिळतात. चौकशीत समोरचा माणूस एवढंच म्हणतो, की बरं, मग सांगा उत्तर.

सेक्रेटरींचं पत्रकही तसलंच. त्यांचं पहिलं वाक्य पाहिलंस का? “सतरा वर्षं पगार घेणाऱ्या माणसाला दोन कॅन ओळखता येऊ नयेत?” आणि तुझं पहिलं वाक्य, सतरा वर्षं काम करणाऱ्या माणसाला दोन कॅन ओळखता येणार नाहीत का. दोघांनी एकच प्रश्न विचारलाय. ते त्यातून सुचवतात की तू हलगर्जी. तू सुचवतोस की चूक दुसऱ्या कोणाची. उत्तर दोघांनीही दिलेलं नाही. हे मला खटकलं, आणि खटकलेलं मी सोडत नाही हे तुला माहीत आहे.

तू असं कर. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात कोणतं विधान लपलंय ते बाहेर काढ. मग बघ ते कोणत्या जातीचं आहे. पंखा बंद होता, हे घडलेल्या गोष्टीचं विधान. ते खरं तरी असतं नाहीतर खोटं, आणि त्याला कागद नाहीतर साक्षीदार लागतो. पंखा बंद ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, हे बरंवाईट ठरवणारं. त्याला नुसता साक्षीदार पुरत नाही, आपण कोणत्या मापाने मोजतो ते सांगावं लागतं आणि ते माप समोरच्यालाही मान्य असावं लागतं. पंखा बदलल्याशिवाय तलाव उघडू नये, हे काय करावं ते सांगणारं. तिथे लोक विचारतात की होईल का आणि केल्याने फरक पडेल का. तू ही तिन्ही एकाच भांड्यात घोटलीस. तुझ्या त्या दोन औषधांसारखं झालंय ते. रागावू नकोस, पण लिहिताना हसू आलं.

पाचही प्रश्नांची खरीखुरी उत्तरं लिहून पाठव. मला कोणीतरी परकं माणूस समज.

तुझी ताई

*

१० मार्च

ती. ताईस,

सा. न. मी तुझ्याकडे पाठीवर हात मागायला आलो होतो, तू हातात पाटी दिलीस. एक दिवस पत्र बाजूला ठेवून दिलं होतं. मग बसलो.

पंख्याबद्दल. वारंवार सांगितलं असं लिहिलं होतं. आठवून पाहिलं तर दोनदा. एकदा तोंडी, सेक्रेटरींना, वीजतंत्र्यासमोर, तो साक्ष द्यायला तयार आहे. दुसऱ्यांदा नोंदवहीत, जानेवारीच्या अकरा तारखेला, माझ्या अक्षरात आणि खाली सेक्रेटरींची सही. त्या पानाची प्रत काढून घेतली. “वारंवार” खोडलं.

घाईबद्दल. सेक्रेटरी साडेआठला दारात आले आणि म्हणाले की पाहुणे पोचतायत, पाणी तयार आहे की नाही ते एका शब्दात सांगा. हे पोहण्याच्या शिक्षिकेने ऐकलंय. पण त्यांनी मला काही वगळायला सांगितलं नव्हतं, हेही खरं. तेही लिहिलं.

न्यायाचं वाक्य बरंवाईट ठरवणाऱ्या जातीचं निघालं. माप कोणतं ते मला सुचत नाही, म्हणून ते तूर्त काढून टाकलं.

लेबलाबद्दल. ते काम भांडार सांभाळणाऱ्या बाईंचं. पूर्वी क्लोरीन पांढऱ्या कॅनमध्ये यायचं आणि अ‍ॅसिड निळ्या. डिसेंबरपासून पुरवठादार बदलला, आता दोन्ही निळेच. लेबल होतं, पण बारीक. चौकशी संपेपर्यंत बाईंना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. परवा त्या भाजीच्या दुकानात दिसल्या. मला पाहून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दुसऱ्या दाराने गेल्या. आमचं रोजचं चहाचं नातं, ताई. बारा वर्षांचं.

मुलीची नळी काढली म्हणतात. ताप आहे. तिचे वडील बस चालवतात, दोन्ही पाळ्यांच्या मधे रुग्णालयाच्या बाकावर बसलेले असतात. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

खर्डा आता बरा झालाय असं वाटतं. पक्का करून दे.

तुझा धाकटा

*

१३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पाच प्रश्न होते, तू चारांची उत्तरं दिलीस. पहिलं कुठे गेलं? विसरलास म्हणावं तर तू एकही वाक्य न सोडता उत्तरं देणारा माणूस. आणि हा प्रश्न मी मान हलवून घ्यायला विचारत नाहीये. मला उत्तर हवंय.

दुसरी एक गोष्ट. काल मी तुझी जुनी पत्रं काढली. तुझं अक्षर मुंगीसारखं असायचं, एका कार्डावर तू अख्खा महिना बसवायचास आणि मी भिंग घेऊन वाचायची. या वर्षीची पत्रं शेजारी ठेवली. अक्षर दुपटीने मोठं झालंय. ओळी उजवीकडे खाली घसरतात. मागच्या पत्रात तू तारीख माझ्या नावावरच लिहिलीस आणि तुला ते कळलं नाही. लेबल बारीक होतं, असं तू लिहितोस. ते किती बारीक होतं? शिक्षिकेला वाचता आलं असतं का? वीजतंत्र्याला?

तपासनीस बाई अक्षरांच्या मागचा हात बघायला शिकते. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तिच्याही ओळी अशाच घसरायला लागल्या होत्या. तेव्हा मी काही विचारलं नाही. आता विचारते.

तुला दिसतंय का?

लेबलाचं वाक्य तू जसं ठेवलंस तसं ते चौकशीत गेलं तर त्या बाईंची नोकरी जाईल. तू त्यांचं नाव घेतलेलं नाहीस. नाव घ्यायची गरजच नाही, प्रश्नच तिथे बोट दाखवतो. म्हणून असे प्रश्न लिहिणाऱ्याला सोयीचे पडतात. आरोप केल्यासारखं वाटत नाही आणि आरोप तर होतो.

फार कडक लिहिलं असेल तर तुझी लहानपणीची सगळी खोडकर पत्रं माझ्याकडे आहेत, त्यातलं एक पाठवून भरपाई करीन. पण आधी उत्तर दे.

तुझी ताई

*

१६ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

नाही. नीट दिसत नाही.

दीड वर्ष झालं. उजव्या डोळ्यापुढे धुकं, डाव्यापुढे त्याहून कमी. डॉक्टरांकडे गेलो होतो, मोतीबिंदू म्हणाले, दोन्हीकडे. शस्त्रक्रिया करून घ्या म्हणाले. मी नंतर येतो म्हणून सांगितलं. पंपाच्या खोलीत डोळ्यांची तपासणी झालेला माणूसच चालतो, दर दोन वर्षांनी कागद लागतो. मागच्या तपासणीत समोरचा तक्ता मला पाठ होता. शस्त्रक्रियेसाठी रजा घेतली आणि कारण कळलं, तर खोली परत मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तुलाही सांगितलं नाही, कारण तू ताबडतोब निघून आली असतीस.

काम चाललं होतं. कॅन पांढरा की निळा हे दिसायचं. दोन्ही निळे झाल्यावर मी झाकण किंचित उघडून वास घ्यायला लागलो. वासात चूक होत नाही. रविवारी साहेब दारात उभे होते. त्यांच्यासमोर कॅनला नाक लावलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की हे काय चाललंय. म्हणून वास घेतला नाही. जागेवरून अंदाज केला आणि ओतला.

लेबल तेवढं बारीक नाही. बोटभर उंचीची अक्षरं आहेत. बाईंनी ती स्वतःच्या हाताने, जाड पेनने लिहिली आहेत. कॅन बदलले त्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलीही होती, आणि मी छान म्हणालो होतो.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे, की नाही, ओळखता येत नाहीत.

आता सांग काय करू. पाच दिवस राहिलेत. हे लिहिताना कागद नाकाजवळ धरलाय, आज लपवत नाही.

तुझा धाकटा

*

१८ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्र हातात पडल्यापासून माझं कशात लक्ष नाही. हे पत्र खास माणसाबरोबर पाठवतेय, एकवीसच्या आत मिळायला हवं.

डोळ्यांचं बोलू नकोस. मी मूर्खपणाने तुझा पिच्छा पुरवला. पंखा बंद होता हे खरं आहे, सही आहे, साक्षीदार आहे. कॅन एकाच रंगाचे होते हे खरं आहे. तेवढंच सांग आणि गप्प बस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. न विचारलेलं सांगायची सक्ती आहे का? सतरा वर्षांच्या इमानी कामाला काहीच किंमत नाही का? उद्या त्यांनी तुला पोलिसांच्या हवाली केलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? आपल्या दोघांना एकमेकांशिवाय कोण आहे?

बाईंचं वाक्य मात्र काढून टाक. तेवढं पुरे.

माझं ऐक. या एका वेळी ऐक.

ताई

*

२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझा माणूस काल सकाळी आठला दारात उभा होता. चौकशी अकराला. पत्र खिडकीपाशी नेऊन वाचलं. तू चार प्रश्न विचारलेस, आणि एकाचंही उत्तर तुला नको होतं. तीस वर्षं तपासनीस असलेली बाई माझ्यासाठी घाबरून अग्रलेख लिहायला लागली, हे पाहून मला आधी हसू आलं आणि मग बराच वेळ खिडकीपाशीच उभा राहिलो. तुझं ऐकलं नाही. रागावणार असशील तर पूर्ण वाचून रागाव.

सभा जुन्या व्यायामशाळेत होती. लांब टेबल, मधे बाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाई, एका बाजूला सेक्रेटरी, समोर पालक. भांडारच्या बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती तरी बसल्या नाहीत. मुलीचे वडील पहिल्या रांगेत, बसचालकाच्या गणवेशातच.

सेक्रेटरी आधी बोलले. चांगले बोलले. पत्रकातलेच प्रश्न, पण आवाज चढवून. प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचे आणि खोलीत माना हलायच्या. तुझी पत्रं नसती तर माझीही हलली असती. मी मनात प्रत्येकाचं विधान करत गेलो. त्यात घडलेल्या गोष्टीचं एकच होतं, की कॅन मी ओतला. बाकी सगळं बरंवाईट. पंख्याचं नाव नाही.

मग मी उभा राहिलो. कागद पाठ करून गेलो होतो, कारण वाचता आला नसता. कॅन मी ओतला. मला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे, दीड वर्षापासून, आणि मी ते लपवलं. कॅनवर अक्षरं ठळक होती, ती भांडारच्या बाईंनी लिहिली होती, मला ती वाचता आली नाहीत. वास घेऊन खात्री करायची माझी पद्धत होती, ती मी त्या दिवशी सोडली. पंखा बंद होता, ही नोंदवहीची प्रत. डिसेंबरपासून दोन्ही कॅन एका रंगाचे आहेत. एवढी सगळी घडलेल्या गोष्टींची विधानं. मग म्हणालो की लपवणं चूक होतं, आणि माप विचाराल तर हेच, की कपडे बदलायच्या त्या खोलीत माझं स्वतःचं मूल असतं तर असा माणूस पंपावर मला चालला नसता. आणि शेवटी, पंखा आणि कॅनचे रंग बदलल्याशिवाय तलाव उघडू नये, मग पंपावर कोणीही असो.

अधिकारी बाईंनी नोंदवहीची प्रत सेक्रेटरींपुढे सरकवली आणि सही तुमचीच का असं विचारलं. त्यांनी होय म्हटलं.

तेवढ्यात मुलीचे वडील उठले. मला म्हणाले, की माझी पोर आत गुदमरत होती तेव्हा तुम्ही कुठे होता? पत्रकातल्यासारखाच प्रश्न. खोलीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं, कारण अशा प्रश्नाला कोणी उत्तर देत नसतं. अधिकारी बाई त्यांना बसा म्हणणार होत्या.

ताई, ही गोष्ट मी तुलाही सांगितलेली नाही. मी त्यांना सांगितलं, की धूर उठला तेव्हा मी आधी पळालो. बाहेर, मैदानात, झाडापर्यंत. तिथे खोकत उभा होतो. मुलं बाहेर येताना पाहिली. सहा दिसली, सातवी दिसली नाही. मग टॉवेल ओला केला आणि आत गेलो. पळाल्यापासून आत शिरेपर्यंत किती वेळ गेला ते मला माहीत नाही. एक मिनिट असेल, दोन असतील. तेवढा वेळ ती एकटी होती.

ते उभेच होते. वाटलं की आता मारतील. मग खुर्चीच्या पाठीला धरून बसले. सभा संपल्यावर जिन्यात माझ्याजवळ आले. म्हणाले, की तीन आठवडे मी हाच प्रश्न ज्याला त्याला विचारतोय, प्रत्येकाने मला स्वतःचं मत सांगितलं, काय झालं ते कोणी सांगितलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आज नको म्हणाले. मग गेले.

निकाल आठवड्यात कळेल. काल घरी येऊन जेवलो, ताटातलं सगळं.

तुझा धाकटा

*

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. तुझं रागाचं पत्र आणि त्याच दिवशीच्या टपालाने आलेलं मायेचं पत्र, दोन्ही मिळाली. दोन्ही जपून ठेवली आहेत, अनुक्रमाने.

निकाल आला. पंपाची खोली माझ्याकडून काढून घेतली, कायमची. पोलिसांकडे प्रकरण गेलेलं नाही, पण नोंद राहील. डोळे सुधारले तर फाटकावरचं काम देता येईल असं लेखी कळवलंय. सेक्रेटरींना पंख्याबद्दल उत्तर द्यावं लागतंय, त्यांची वेगळी चौकशी लागली आहे. भांडारच्या बाई सोमवारपासून कामावर आहेत. मी खोलीच्या किल्ल्या द्यायला गेलो तेव्हा त्यांनी त्या घेतल्या, वहीत लिहिल्या आणि शस्त्रक्रिया कधी आहे असं विचारलं. नऊ तारखेला, म्हटलं. बरोबर कोण आहे? ताई दुपारच्या गाडीने पोचेल. मग सकाळी मी येते, म्हणाल्या. चहा दिला नाही. पण येते म्हणाल्या.

पंखा बसला. कॅन आता पांढरे आणि निळे आहेत. तलाव उघडला.

काल मुलीचे वडील थांब्यावर भेटले. बस उभी होती, माणसं चढत होती. मी तिची चौकशी केली. म्हणाले, घरी आलीय, शाळेत जाते, डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली. परवा तिला तलावावर नेलं होतं. कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली. पाण्यात उतरली नाही. घरी चल म्हणाली.

हे मी तुला त्यांनी सांगितलं तसंच लिहितोय. पुढे काही जोडत नाही.

नऊ तारखेला ये. उजवा डोळा आधी आहे. पट्टी सुटेपर्यंत पत्रं तूच वाचून दाखवायचीस, तोवर माझ्यावरचं प्रेम आहे तसंच ठेव.

तुझा धाकटा